तळघरात पाणी येतंय? सिमेंट कालवण्याआधी पाण्याचा माग काढा

तळघराच्या भिंतीवर ओल दिसली की हात आधी रंगाच्या डब्याकडे जातो. माझाही गेला होता. भिंत खरवडली, वॉटरप्रूफ लेपाचे दोन हात दिले, आणि पुढच्याच पावसात त्या भिंतीवर तळहाताएवढे फुगे आले. एक फुगा टाचणीने फोडला तर आतून पाण्याची धार. लेपात खोट नव्हती. पाणी बाहेरून रेटत होतं आणि मी त्याला आतून पापुद्रा चिकटवून अडवायला निघालो होतो.

त्या रेट्याचा हिशेब सोपा आहे. पाण्याच्या दर एक मीटर उंचीमागे चौरस मीटरवर साधारण १,००० किलोचा भार वाढतो. बाहेरची माती दोन मीटरपर्यंत पाण्याने तुडुंब भरली असेल, तर भिंतीच्या तळाशी चौरस मीटरला दोन टन झाले. हा नुसता पाण्याचा, मातीचा वेगळा. एवढ्या जोरापुढे रंग टिकत नाही आणि साधा गिलावाही टिकत नाही. म्हणून कामाला बाहेरच्या टोकाने हात घालायचा. पाणी कुठून येतं ते आधी नक्की करायचं, जमेल तेवढं भिंतीपर्यंत पोचूच द्यायचं नाही, आणि भेगा बुजवायच्या त्या त्यानंतर. पाणी आत्ताच साचलेलं असेल तर मात्र सुरुवात वेगळी.

पाणी साचलंय: पहिले दोन दिवस

पायऱ्या उतरण्याआधी विजेचा विचार करा. पाणी प्लग, बोर्ड, फ्रीज किंवा जमिनीवर पडलेल्या एक्स्टेंशनपर्यंत पोचलं असेल तर त्यात पाय घालायचा नाही, ते घोटाभर असलं तरी. मेन स्विच कोरड्या जागी असेल तर कोरड्या पायांनी उभं राहून बंद करा. तो तळघरातच असेल आणि तिथवर पाण्यातून जावं लागत असेल तर तो नाद सोडा आणि वीजपुरवठा बाहेरून तोडून घ्या. घरात इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्यावरही त्याच्या लाइनमध्ये वीज असते. घाईत हेच विसरलं जातं.

पाणी उपसायला पेट्रोल-डिझेलचा पंप आणला तर तो तळघरात, जिन्यात किंवा उघड्या खिडकीशी ठेवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग, आणि तळघरासारख्या कोंदट जागेत माणूस काही कळायच्या आत कोसळतो. यंत्र मोकळ्या हवेत, आत फक्त पाइप. विजेचा पंप असेल तर तो ३० मिलिॲम्पियरच्या आरसीसीबीवरच (वीज गळू लागली की पुरवठा क्षणात तोडणारा स्विच) चालवा.

आता एक गोष्ट, जी ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. बाहेर पूर आलाय किंवा जमीन पाण्याने तुडुंब आहे, आणि तळघर कंबरभर भरलंय, अशा वेळी सगळं पाणी एका दमात उपसू नका. आतलं पाणी बाहेरच्या दाबाला टेकू देत असतं. तो टेकू एकाएकी काढला तर भिंत आत झुकू शकते, फरशी वर उचलली जाऊ शकते. बाहेरचं पाणी ओसरू द्या. मग साधारण ३० सेंटिमीटर पाणी उपसा, भिंतीवर खूण करा आणि रात्रभर थांबा. सकाळी पातळी पुन्हा वर चढली असेल तर बाहेरचा दाब अजून तसाच आहे, आणखी एक दिवस जाऊ द्या. तीच राहिली तर पुढचे ३० सेंटिमीटर. घरातला नळ फुटून घोटाभर पाणी साचलं असेल तर यातलं काहीच लागू नाही. ते लगेच काढा.

पाण्याला मैल्याचा वास असेल तर रबरी बूट आणि हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका. अशा पाण्यात भिजलेली गादी, गालिचा, पुठ्ठा फेकून द्या.

साफ पाण्याने भिजलेल्या वस्तूही २४ ते ४८ तासांत सुकल्या पाहिजेत, नाहीतर बुरशी धरते. पंखे लावा, कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढा. खिडक्या सरसकट उघडू नका, कारण पुढे सांगतो. आणि आवराआवर करण्याआधी फोटो काढून ठेवा: पाण्याची रेघ कुठपर्यंत होती, कुठल्या कोपऱ्यातून ओघळ आला. विम्याच्या उपयोगाला येतीलच, पण पुढच्या टप्प्यात तुम्हालाच जास्त लागतील.

हे पाणी कुठलं?

या टप्प्याला एक आठवडा द्या, शक्य असेल तर दोन-तीन पाऊस जाऊ द्या. वही घाला. पाऊस कधी सुरू झाला, भिंत कधी ओली झाली, किती तासांनी सुकली, कुठून सुरुवात झाली, एवढंच लिहायचं. भिंतीवर ओलीच्या कडेने पेन्सिलीची रेघ मारून तारीख घाला. हा कंटाळवाणा उद्योग आहे आणि बहुतेक लोक तो टाळतात. मग गवंडी येतो, ओली जागा बघतो आणि तिथेच छिन्नी लावतो. पण पाणी जिथे दिसतं तिथूनच आत शिरलेलं असतं असं नाही. पायाच्या कडेचा भराव पोकळ असतो, त्यातून ते भिंतीच्या बाहेरून दोन-चार मीटर सरकतं आणि जिथे कमकुवत जागा सापडेल तिथे आत डोकावतं.

वहीतून बरंच काही उलगडतं. जोराच्या सरीनंतर तासा-दोन तासांत ओल आली आणि पाऊस थांबल्यावर लवकर ओसरली, तर पाणी छपराचं किंवा अंगणातलं. पाऊस सुरू होऊन दोन-तीन दिवस झाल्यावर फरशीच्या सांध्यातून, मधल्या भेगांतून पाणी वर येऊ लागलं आणि ऊन पडल्यावरही आठवडाभर हटलं नाही, तर भूजलाची पातळी तळघराच्या तळापर्यंत चढली आहे. पावसाशी काहीच संबंध नसेल, बारा महिने एकाच जागी ओल असेल, तर पाइप. खालच्या संडासातून किंवा मोरीच्या जाळीतून पाणी उलटं येत असेल तर भिंतीला दोष देऊ नका. मैल्याची लाइन तुंबली आहे किंवा बाहेरची लाइन भरून मागे सारते आहे. तिथे प्लंबर बोलवा आणि लाइनवर उलटं पाणी रोखणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्या.

पाइपचा संशय असेल तर घरातले सगळे नळ बंद करा, फ्लशची टाकी भरू द्या, आणि पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून घ्या. दोन तास कुणीही पाणी वापरायचं नाही. आकडा हलला तर दाबाची लाइन गळते आहे. सांडपाण्याच्या पाइपवर मीटर नसतो, तिथे रंग वापरा: खाण्याचा गडद रंग बादलीभर पाण्यात कालवून एकेका मोरीत, बेसिनमध्ये ओता, मधे काही तास सोडून. रंगीत ओल आली की मोरी सापडली.

पाचवं कारण फसवं आहे, कारण त्यात गळती नसतेच. गार भिंतीवर दमट हवा आदळली की तिच्यातली वाफ पाणी होऊन भिंतीवर बसते. हवा ३० अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर भिंतीचं तापमान सुमारे २४ अंशांच्या खाली गेलं की ती घाम गाळू लागते, आणि जमिनीत गाडलेली भिंत तेवढी गार सहज असते. खिडक्या सरसकट उघडू नका म्हटलं ते यासाठी. बाहेर दमट असताना तळघर ‘हवेशीर’ करणं म्हणजे गार भिंतीला पाणी पुरवणं.

ओळखायचं कसं? साधारण ४५ सेंटिमीटर चौरस प्लास्टिकचा कागद भिंतीच्या कोरड्या दिसणाऱ्या भागावर चारही कडांनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवा. एक तुकडा फरशीवरही. दिवसभर, हवं तर दोन दिवस राहू द्या. थेंब कागदाच्या बाहेरच्या, म्हणजे खोलीकडच्या बाजूला जमले तर ते हवेतलं पाणी. कागदाखाली भिंतीच्या बाजूला ओल आली तर पाणी भिंतीतून येतंय. दोन्हीकडे आली तर दोन्ही आहे, तसंही असतं. नुसता घामच असेल तर ओल शोषणारं डिह्युमिडिफायर यंत्र, आर्द्रता मोजायचा एक छोटा मीटर (काटा ६० टक्क्यांच्या खाली राहिला पाहिजे) आणि गार पाण्याच्या पाइपांना फोमचं वेष्टन, एवढ्यावर काम भागतं. छिन्नी-हातोड्याची गरज नाही.

भिंतीवर पांढरी, मिठासारखी पूड दिसत असेल तर तो लोणा. पाणी सिमेंट-विटांतले क्षार विरघळवत बाहेर येतं, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. तेव्हा भिंत आज कोरडी ठणठणीत असली तरी लोणा सांगतो की इथून पाणी गेलं आहे. नुसत्या घामाने असा लोणा सहसा धरत नाही.

पावसाची वाट बघायची नसेल तर होज पाइपने नकली पाऊस पाडता येतो. एक माणूस आत टॉर्च घेऊन, एक बाहेर. भिंतीच्या पायथ्यापासून सुरू करा, एका जागी १०-१५ मिनिटं पाणी सोडा, आत काही नाही दिसलं तर थोडं वर किंवा बाजूला सरका. वरून सुरुवात केली तर पाणी खाली ओघळताना सगळ्याच जागा भिजवतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही.

आधी छप्पर आणि अंगण

चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० चौरस मीटरच्या छपरावर २५ मिलिमीटरची एक सर पडली की २,५०० लिटर झाले. हे सगळं पाणी पन्हळीतून दोन-चार पाइपांनी खाली उतरतं, आणि ते पाइप कुठे संपतात? बहुतेक घरांत भिंतीच्या कोपऱ्याशी, बरोबर पायाच्या डोक्यावर.

माझं उत्तर तिथेच सापडलं. जमिनीत जाणाऱ्या पाइपचा सांधा मातीखाली निखळला होता. वरून सगळं ठाकठीक, आणि छपराच्या एका बाजूचं सगळं पाणी पायाशी मुरत होतं. फुगे आलेली भिंत तिथून चांगली तीन मीटर लांब.

तेव्हा वर चढा, किंवा चढता येणाऱ्याला चढवा. पन्हळीतला पालापाचोळा काढा, बादलीभर पाणी ओतून ते पाइपाकडे वाहतं का पाहा, मधेच साचत असेल तर पन्हळीचा उतार दुरुस्त करा. पाणी उतरवणाऱ्या पाइपाला खाली जोड देऊन त्याचं तोंड भिंतीपासून निदान दोन मीटर दूर न्या, जमल्यास तीन. पाइप जमिनीत जात असेल तर त्याचं दुसरं टोक शोधा आणि वर ओतलेलं पाणी तिथून तेवढंच बाहेर पडतं का हे डोळ्यांनी बघा. पन्हळ नसेल आणि पागोळ्या थेट भिंतीशी गळत असतील तर पन्हळ लावणं हा या लेखातला सगळ्यात किफायतशीर सल्ला समजा.

मग अंगणाचा उतार. भिंतीपासून पहिल्या तीन मीटरमध्ये जमीन सुमारे १५ सेंटिमीटर उतरली पाहिजे. तीन मीटरची सुतळी भिंतीपासून खुंटीपर्यंत ताणा, पाणसळीने ती समतल करा आणि खुंटीपाशी सुतळीपासून जमीन किती खाली आहे ते मोजा. पुष्कळ घरांत उतार उलटा, घराकडे असतो. घर बांधताना पायाभोवती खोदलेला खड्डा भराव टाकून बुजवलेला असतो, आणि तो भराव वर्षानुवर्षं दबत जाऊन भिंतीलगत एक नकळत पन्हळ तयार होते. ती भरताना वाळू किंवा मुरूम वापरू नका, त्यातून पाणी सरळ खाली जातं. चिकणमाती घ्या, १० सेंटिमीटरच्या थरांनी टाका, धुमसून दाबा, वर थोडी साधी माती आणि गवत. जोत्याचा किमान १५ सेंटिमीटर भाग मातीच्या वर उघडा राहिला पाहिजे. माती विटांवर चढवली तर एक ओल घालवून दुसरी ओढवून घ्याल.

याच फेरीत बाकीचंही उरका. भिंतीलगतच्या फूलझाडांचे वाफे आणि त्यांना पाणी देणारी नळी लांब न्या. फरसबंदी आणि भिंत यांच्यामधली फट लवचीक सीलंटने भरा. तळघराला जमिनीखाली खिडकी असेल तर तिच्यापुढच्या खळग्यातला कचरा काढा, तळाशी खडी घाला, वर पारदर्शक झाकण बसवा. एसीच्या पाण्याची नळी कुठे सुटते तेही बघा.

इथे थांबा. खरंच थांबा, एक-दोन मोठे पाऊस जाऊ द्या आणि वही काढा. पावसामागोमाग येणारी ओल पुष्कळदा एवढ्यानेच बंद होते किंवा इतकी कमी होते की पुढचं खर्चिक काम लहान होऊन जातं. जो वॉटरप्रूफिंगवाला पन्हळीकडे मान वर करून बघतही नाही आणि थेट भिंतीचं माप घेतो, त्याला मी काम देणार नाही.

भेगा: कुठली आपण भरायची, कुठली नाही

काँक्रीटच्या भिंतीत उभी, केसासारखी बारीक भेग असेल तर ती बहुधा काँक्रीट आळताना पडलेली असते; पाणी येतं, पण भिंतीला धोका नसतो. आडवी भेग, विशेषतः भिंतीच्या मधल्या उंचीवर, ही वेगळी जात आहे. बाहेरची माती भिंतीला आत ढकलते आहे असा तिचा अर्थ. विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंतीत जिन्यासारखी पायऱ्या-पायऱ्यांनी जाणारी भेग पाया खचल्याची शंका आणते. भेग पाच-सहा मिलिमीटरपेक्षा रुंद असेल, तिच्या दोन कडा पुढे-मागे झाल्या असतील किंवा ओळंबा लावल्यावर भिंतीला पोट आलेलं दिसत असेल, तर काही भरू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा. अशी भेग बुजवणं म्हणजे ताप उतरवायचा म्हणून थर्मामीटर फोडणं.

भेग जिवंत आहे की थांबलेली हे बघायला तिच्या दोन्ही टोकांना खूण करून तारीख लिहा, आणि मधे प्लास्टर ऑफ पॅरिसचा एक पातळ पट्टा आडवा लावा. महिना-दोन महिन्यांत पट्टा तडकला तर भेग हलते आहे.

पाणी वाहत असतानाही भरता येईल अशी वस्तू म्हणजे झटपट सेट होणारं सिमेंट, दुकानात ‘वॉटर प्लग’ म्हणून मागितलं तर मिळतं. तीन ते पाच मिनिटांत दगड होतं, म्हणून मुठीत मावेल एवढंच कालवा. पद्धत अशी:

१. भेग छिन्नीने किंवा ग्राइंडरने साधारण दोन सेंटिमीटर रुंद आणि अडीच सेंटिमीटर खोल कोरा. खाच तोंडाशी अरुंद आणि आत रुंद हवी. उलट, म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारखी तोंडाशी रुंद कोरली तर दाबाने भरलेला तुकडा बुचासारखा बाहेर येतो. डोळ्यांना चष्मा आणि तोंडाला धुळीचा मास्क न लावता हे काम करू नका.

२. तारेच्या ब्रशने घासून पाण्याने धुवा. खाच ओली हवी, धूळ अजिबात नको.

३. भेगेच्या वरच्या टोकाकडून खाली या. जिथे पाण्याचा जोर सगळ्यात जास्त ती जागा शेवटी. धार मोठी असेल तर तिथे एक लहान नळी बसवून पाण्याला तात्पुरती वाट द्या, भोवती सगळं बुजवा, मग नळी काढून ते एक भोक बंद करा.

४. सिमेंटचा गोळा हातमोज्यातल्या मुठीत गरम लागू लागला की खाचेत जोराने दाबा आणि पाच मिनिटं हात हलवू नका. लवकर सोडला की पाणी कडेने वाट काढतं, आणि मग सगळं पुन्हा कोरायचं.

पाइप भिंतीतून जातो त्या भोवतालच्या फटीला आणि शटरिंगच्या बोल्टांच्या जुन्या भोकांनाही हेच चालतं. पण हे सिमेंट कडक असतं, थोडीही हलणारी भेग पुन्हा बाजूने उघडते. अशा भेगेला आणि आरपार गेलेल्या लांब भेगेला इंजेक्शन लागतं. भिंतीच्या जाडीएवढ्या अंतरावर नळ्या बसवून खालून वर रसायन भरत जातात. इथे दोन रसायनांत गल्लत होते. इपॉक्सी भिंत जोडतं, ताकद देतं, पण त्याला बहुधा कोरडी आणि न हलणारी भेग लागते. पॉलियुरेथेन पाण्याशी संयोग होऊन फुगतं, ओल्या, गळत्या भेगेत चालतं आणि थोडं लवचीक राहतं. ताकद मात्र देत नाही. ठेकेदाराला विचारा, यातलं कुठलं आणि का. उत्तर एका वाक्यात आलं नाही तर दुसरा ठेकेदार बघा.

सगळ्या भिंतीवरच बारीक पाझर असेल तर आतून लावून चालणारा लेप एकच जातीचा: स्फटिक तयार करणारा सिमेंटी लेप. तो काँक्रीटच्या ओलीतच आत शिरतो आणि छिद्रांमध्ये न विरघळणारे स्फटिक वाढवतो. त्यामुळे रंगासारखा पापुद्र्याने सुटत नाही. आधीचा रंग आणि गिलावा उघड्या काँक्रीटपर्यंत काढणं, लावण्याआधी भिंत चिंब करणं आणि नंतर दोन-तीन दिवस पाणी शिंपडत राहणं, यातलं काही टाळलं तर पैसे वाया. काँक्रीटवर हे उत्तम चालतं, विटांच्या किंवा दगडी भिंतीवर नाही. तिथे पाणी सांध्यांतून येतं आणि एक सांधा बंद केला की शेजारचा उघडतो. अशा भिंतीला अडवण्यापेक्षा वाट करून देणं बरं.

पाण्याला वाट: चर, खड्डा, पंप

फरशी आणि भिंत मिळतात तो सांधा हा तळघराचा जन्मजात दुबळा भाग. दोन्ही एकाच वेळी ओतलेले नसतात, आणि मधे वॉटरस्टॉपची, म्हणजे सांध्यातून पाणी रोखणारी पट्टी घातलेली नसेल तर भूजल चढलं की पहिलं तिथूनच येतं. ते सिमेंटने कायमचं बंद होईल अशी आशा धरू नका. दाब तसाच राहतो, फक्त जागा बदलतो. दाबच कमी करायचा तर पाणी गोळा करून बाहेर फेकावं लागतं.

त्यासाठी भिंतीच्या कडेने आतून फरशी फोडून सुमारे ३० सेंटिमीटर रुंद चर घेतात, तिच्यात धुतलेली खडी आणि १०० मिलिमीटरचा भोकांचा पाइप घालतात, मीटरमागे एक सेंटिमीटर उतार देऊन तो एका खड्ड्यात सोडतात, आणि वरून पुन्हा कोबा करतात. पाइपाची भोकं खालच्या बाजूला ठेवायची. वर ठेवावीत असं वाटतं खरं, पण पाणी खालून चढतं, वरून पडत नाही. चर पायाच्या तळापेक्षा खोल जाऊ नये, नाहीतर पायाखालची माती सुटते. आणि फरशी फोडण्याआधी नकाशा बघा: तळ सळयांच्या राफ्टचा असेल, म्हणजे तोच घराचा पाया असेल, तर त्याला हात लावायचा नाही.

या भोकांच्या पाइपच्या चरीला ‘फ्रेंच ड्रेन’ म्हणतात. फ्रान्सशी तिचा काही संबंध नाही. हेन्री फ्लॅग फ्रेंच नावाच्या अमेरिकन वकिलाने १८५९ साली शेतातल्या निचऱ्यावर लिहिताना तिची सविस्तर माहिती दिली, त्यांचं आडनाव तिला चिकटलं.

पंप निवडताना अंदाज नको, मोजा. खड्ड्याचा व्यास ४५ सेंटिमीटर असेल तर पाणी एक सेंटिमीटर चढणं म्हणजे सुमारे १.६ लिटर. भर पावसात पंप बंद ठेवून एका मिनिटात पातळी किती चढते ते पट्टीने बघा. दहा सेंटिमीटर चढली तर मिनिटाला १६ लिटर येतायत, आणि पंप निदान दुप्पट उपसणारा हवा, तोही तुम्हाला पाणी चढवायचंय त्या उंचीवर. डब्यावरचा मोठा आकडा बहुधा उंची शून्य धरून लिहिलेला असतो. पंप तरंगत्या स्विचवर आपोआप सुरू होणारा घ्या, बाहेर जाणाऱ्या पाइपला चेक व्हॉल्व्ह लावा, नाहीतर पाइपातलं पाणी परत खड्ड्यात येऊन पंप उगाच चालू-बंद होत राहतो. मोठ्या पावसातच वीज जाते, म्हणून बॅटरीवर चालणारा दुसरा पंप ही चैन नाही. आणि फेकलेलं पाणी घरापासून चांगलं दूर, उताराच्या बाजूला सोडा. मैल्याच्या लाइनमध्ये नाही. भिंतीपाशीच सोडलं तर तेच पाणी मुरून परत खड्ड्यात येतं आणि पंप रात्रभर स्वतःचंच पाणी उपसत बसतो.

बाहेरून खोदायची वेळ आली तर

सगळ्यात पक्का उपाय हाच: भिंत बाहेरून पायापर्यंत उघडी करायची, साफ करून भेगा भरायच्या, वर वॉटरप्रूफ मेंब्रेन, तिच्यावर मातीच्या घर्षणापासून संरक्षण देणारा आणि पाणी खाली सोडणारा उंचवट्यांचा शीट, पायाशी भोकांचा पाइप, भोवती खडी, खडीला जिओटेक्स्टाइल कापड गुंडाळलेलं म्हणजे माती शिरून पाइप तुंबत नाही. पाणी इथे मेंब्रेनला भिंतीवर दाबून धरतं, उचकटत नाही.

हे काम स्वतः करू नका. एक घनमीटर माती दीड टनाहून जड असते, आणि दीड मीटरहून खोल चरीच्या बाजू टेकू न देता ढासळल्या तर आतला माणूस वाचत नाही. शिवाय एका बाजूची सगळी भिंत एकदम उघडी करणं भिंतीलाही मानवत नाही, तुकड्या-तुकड्याने करतात. ठेकेदाराकडून तीन गोष्टी लेखी घ्या: मेंब्रेन पायाच्या कडेवरून खाली वळवणार का, पाइपचं पाणी कुठे सोडणार, आणि भराव टाकण्याआधी तुम्हाला काम बघू देणार का. तो दिवस रजा काढून तिथे उभं राहण्यासारखा असतो. माती पडली की पुढे काही दिसत नाही.

वर्षातून दोनदा

पावसाळ्याआधी आणि पाने गळून झाल्यावर पन्हळ साफ करा. पंपाच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून पंप सुरू होतो का बघा, गाळ काढा, तरंगता स्विच कशात अडकत नाही ना ते पाहा. बॅटरीची तारीख तपासा. अंगणाची सुतळी एकदा पुन्हा ताणा, नवा भराव पहिल्या वर्षी हमखास दबतो. सामान परत लावताना कागदपत्रं, कपडे, पुठ्ठ्याची खोकी जमिनीवर नको. २० सेंटिमीटर उंच मांडणीवर, भिंतीपासून चार बोटं सोडून.

रंग शेवटी, एक पूर्ण पावसाळा कोरडा गेल्यावर. तोही प्लास्टिकसारखा थर धरणारा नको. चुन्याचा किंवा सिमेंटचा, ज्यातून भिंतीत उरलेली वाफ बाहेर पडेल. माझ्या भिंतीवर अजून रंग दिलेला नाही. पेन्सिलीच्या रेघा आणि तारखा आहेत, त्यातली शेवटची गेल्या दोन पावसाळ्यांत पुढे सरकलेली नाही.